घोडी पुढे, गाडा मागे... आणि कुत्रा?

चाकण म्हटलं की काय आठवतं? तळेगाव चौकातलं ट्रॅफिक, कंपन्यांच्या बसेस, टपरीवर फर्स्ट शिफ्टची गर्दी. बरोबर? पण मंडळी, हाच पुणे-नाशिक हायवे माघापासून वैशाखापर्यंत एकदम वेगळा दिसतो. टेम्पोत गुलालाने माखलेले बैल, मागच्या टेम्पोत एक तरणीबांड घोडी आणि टपावर बसून शिट्ट्या मारणारी पोरं. मोशी-चिखलीपासून थेट राजगुरुनगरपर्यंत यात्रांचा सीझन सुरू झालेला असतो. आणि यात्रा म्हणजे बैलगाडा!

आमच्या सोसायटीत या सीझनला दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो. रविवारी घाटात जायचं, गाडीत जागा आहे, मग कुत्र्याला पण घेऊया का? हसू नका. पिंपळे सौदागर आणि प्राधिकरणात पेट-फ्रेंडली कॅफे झालेत, लोक कुत्र्यांचे बर्थडे करतात. घरचा मेंबर म्हटल्यावर त्याला पिकनिकला न्यायचं नाही? माझ्या घरीही एक मेंबर आहे. बंड्या नावाचा, गावठी, तीन वर्षांचा, कान कायम उभे. त्यामुळे हा विषय मी जरा सीरियसली घेतलाय.

ज्यांनी घाट बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा घाट म्हणजे खंबाटकी नव्हे. चढाची, सरळ, मातीची एक धावपट्टी. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, वर माइकवर कॉमेंट्री, तीसुद्धा क्रिकेटवाल्यांनी शिकावी अशी. उत्तर पुणे जिल्ह्याची खासियत म्हणजे गाड्याला चार बैल, दोन मागे आणि दोन पुढे. आणि त्यांच्याही पुढे घोडी! घोडीवरचा स्वार सुसाट सुटतो आणि बैल तिच्या मागे झेपावतात. दहा-पंधरा सेकंदांत सगळा खेळ खल्लास. 'घाटाचा राजा' सेकंदाच्या अपूर्णांकावर ठरतो.

मधली बरीच वर्षं हे सगळं बंद होतं. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तरी प्रकरण कोर्टातच अडकलं. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. बंदी उठल्यावरचा जोश विचारू नका. मे २०२२ मध्ये चिखलीत झालेल्या शर्यतीच्या बक्षिसांत चक्क जेसीबी होता! बैलांना पळवावं की नाही यावर आमच्या कॅन्टीनमध्ये आजही दोन टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत. तो वाद मोठा आहे, त्यात आत्ता शिरत नाही. माझा प्रश्न साधा आहे. घोडी भरधाव सुटलेली असताना कठड्याजवळ एखादा लॅब्राडोर असावा का?

बंड्याला घरी ठेवून मी आधी एकटाच विचारायला गेलो. घाटाच्या पायथ्याशी एक तात्या घोडीला खरारा करत बसले होते. पांढरी टोपी, पायात फाटका बूट, घोडी मात्र आरशासारखी चकचकीत. विचारलं, "तात्या, कुत्रं आणलं तर चालेल का हो?"

तात्यांनी हात थांबवला. "साहेब, शहाणं आहे का तुमचं कुत्रं?"

म्हटलं, "एकदम शहाणं. बस म्हटलं की बसतं."

"माझी घोडी पण शहाणी आहे. पण सुटल्यावर ती माझं पण ऐकत नाही. आणि घोडीवर माझा नातू बसतो."

एवढं बोलून ते परत कामाला लागले. त्यांच्या लेखी विषय संपला होता. खरं सांगायचं तर माझ्याही लेखी बराचसा संपला.

कारण हे बघा. घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं. आणि कुत्रा नेमका कुठे घुसतो? शेपटीच्या मागे! पळणारं काही दिसलं की पाठलाग करायचा, ही त्याच्या रक्तातली गोष्ट. तुमच्या घरात तो सोफ्यावर झोपत असेल हो, पण घोडीला तो लांडग्याचा चुलतभाऊच वाटतो. ती बिचकली, आडवी गेली तर मागून चार बैल त्याच वेगाने येतायत. त्यांना ब्रेक नाहीत. पडणार तो घोडीवरचा पोरगा, नाहीतर कठड्याला चिकटून उभे असलेले तुम्ही-आम्ही.

आपण गाड्या बनवणारे लोक, म्हणून एक उदाहरण आपल्या लाइनमधलं. ऑक्टोबर २०११ मध्ये भारतात पहिल्यांदा फॉर्म्युला वन आली. ग्रेटर नोएडाचा कोट्यवधींचा ट्रॅक, आणि पहिल्याच दिवशी प्रॅक्टिस थांबवावी लागली. का? ट्रॅकवर कुत्रा आला! तिथे निदान लाल झेंडा दाखवून गाड्या थांबवता येतात. घाटात सुटलेला गाडा झेंडा बघून थांबत नाही.

हे सगळं मी मित्राला सांगितलं तर त्याने थेट देवालाच मध्ये आणलं. म्हणे, "खंडोबा बघ ना! स्वतः घोड्यावर, पुढे म्हाळसा आणि घोड्याजवळ कुत्रा. देवाला चालतं, मग आपल्याला का नाही?" पॉइंट सॉलिड होता. आपल्या पट्ट्यात तर खंडोबा पावलोपावली. आकुर्डीचा खंडोबा माळ कोणाला माहीत नाही? राजगुरुनगरजवळ निमगावला टेकडीवर खंडोबाचं किल्ल्यासारखं देऊळ आहे आणि तिथला बैलगाड्यांचा घाट या भागात एकदम फेमस. देवाचे वाघ्ये तर स्वतःला खंडोबाचा कुत्राच म्हणवतात. जेजुरीच्या परंपरेत कोटंब्यात वाढलेलं त्यांनी कुत्र्यासारखं भुंकत खाल्ल्याची वर्णनं आहेत. म्हणजे कुत्रा आणि घोडा ही जोडी आपल्याकडे वर्ज्य तर सोडाच, देव्हाऱ्यात आहे.

पण ती जोडी जमलेली आहे, हे मित्र विसरला. एकत्र वाढलेले कुत्रे-घोडे मजेत राहतात. परदेशात डाल्मेशियन कुत्रे घोडागाड्यांच्या बाजूने मैलोन् मैल धावायचे. आपल्या लष्करात रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर घोडे, खेचरं आणि कुत्रे तिन्ही सांभाळते, एकाच छत्राखाली. इंग्रजांच्या काळात तर पुणे-खडकीच्या माळावर घोडेस्वार शिकारी कुत्र्यांचा अख्खा ताफा घेऊन फिरायचे, 'पूना अँड किरकी हाउंड्स' नावाचा. पण तिथे दोन्ही जनावरांना एकमेकांची महिनोन् महिने सवय केलेली असायची. आपला बंड्या लिफ्टमधून उतरून थेट घाटात, त्याने आयुष्यात घोडा बघितला तो लग्नाच्या वरातीत, तोही गॅलरीतून!

आणि बंड्याच्या बाजूनेही विचार करा ना. एप्रिलचं ऊन, हलगी, माइक, फटाके. आपल्याला हे भन्नाट वाटतं, पण कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. तापलेल्या डांबरावर त्याचे पंजे भाजतात. वर भंडारा आणि गुलालाचे ढग, म्हणजे अंग चाटून चाटून पोटात रंगच रंग. शेजारी हातात भेळ घेतलेलं एखादं पोरगं त्याच्या शेपटीवर पाय देणार, आणि मग सगळ्यात शहाणा कुत्राही चावतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ पाळीव जनावराबाबतच्या निष्काळजीपणाचंच आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "मग गाडीत ठेवू, काच थोडी उघडी ठेवू" असं म्हणणाऱ्यांनी तर कुत्रा पाळूच नये. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, आणि फटीएवढ्या उघड्या काचेने फारसा फरक पडत नाही.

तर घाटाला माझं उत्तर साफ नाही.

घोड्यांच्या शोला मात्र सरसकट नाही म्हणणार नाही. शर्यत वेगळी, शो वेगळा. तळेगावजवळ जापालूप इक्वेस्ट्रियन सेंटर आहे, चाकणहून तासाभरात पोहोचता. तिथे शो जम्पिंग होतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी एकदा बघाच, फुल पैसा वसूल. अडथळ्याच्या दांड्या नुसत्या उथळ खोबणीत टेकवलेल्या असतात, खुराचा धक्का लागला की खाली आणि चार पेनल्टी. घोडा अडथळ्यासमोर अडून बसला तरी चार. आता कल्पना करा, घोडा उडी घेण्याच्या क्षणी कोणाचा तरी पमेरियन भुंकला. स्वाराची वर्षभराची मेहनत पाण्यात! म्हणून अशा कुठल्याही ठिकाणी आधी फोन करून विचारायचं आणि 'नको' म्हणाले तर वाद न घालता एकटं जायचं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही कुत्रा पट्ट्यानेच बांधलेला हवा असा नियम आहे. ब्रिटनमधल्या बॅडमिंटनसारख्या मोठ्या स्पर्धेला लोक कुत्रे घेऊन येतात, पण साखळी हातात.

परवानगी मिळालीच तर पट्टा आखूड आणि हातात, ती लांब सुटणारी दोरी घरी. रेबीजचं इंजेक्शन झालेलं हवं, कारण रेबीज घोड्यालाही होतो. तबेल्याच्या दाराशी उभं राहायचं नाही, तिथे घोडे वळत असतात. आणि घोडा समोरून येताना कुत्र्याला तुमच्या पलीकडच्या बाजूला घ्यायचं, म्हणजे मध्ये तुम्ही. बंड्यासोबत मी आधी हे आमच्या रस्त्यावर केलं, टांगा नाही तर निदान म्हशींच्या कळपाशेजारून. चार रविवार लागले. पाचव्या रविवारी म्हैस त्याला हुंगून गेली आणि तो जागचा हलला नाही.

निमगावला मात्र त्याला मी यात्रेशिवायच्या एखाद्या मंगळवारी नेतो, सकाळी सातच्या आत. घाट रिकामा असतो, माती गार. वर देवळाच्या पायऱ्यांपाशी नेहमीची दोन-तीन कुत्री असतात, त्यांच्याशी आधी ओळख करून घ्यावी लागते. ती जरा कडक आहेत.