लाईट आहे, पण दम नाही!

कॅरव्हॅन घेऊन कोकणात जायचा प्लॅन आहे? मग बॅगेत सनस्क्रीनच्या शेजारी एक मल्टिमीटरही टाका. लांज्याच्या आंब्याच्या बागेत घालवलेल्या दोन रात्रींचा हा हिशेब.

कॅरव्हॅन हे प्रकरण फोटोत सॉलिड दिसतं. खिडकीबाहेर डोंगर, हातात कॉफी, डोक्यावर एसी. महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून तर 'चाकांवरचं घर' हा शब्द ऑफिसच्या कॅण्टीनमध्येही ऐकू यायला लागला. फोटोत एक गोष्ट मात्र कधीच दिसत नाही, ती म्हणजे व्होल्टेज. घर चाकांवर असलं तरी लाईट कुणाच्या तरी भिंतीतूनच घ्यायचा असतो ना!

आम्ही चौघं निघालो ते मेच्या मध्यावर. मी, दोन मित्र आणि मैत्रीण म्हणावी अशी मावशी, म्हणजे त्यातल्या एका मित्राची आई. मावशींना डायबेटिस आहे. इन्सुलिनची जास्तीची पेनं गाडीतल्या छोट्या फ्रिजमध्ये होती. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. त्यामुळे आमच्यासाठी फ्रिज म्हणजे कोल्ड्रिंकची सोय नव्हती, तो चालणं मस्ट होतं.

लांजाच का?

कारण सगळे रत्नागिरीला किंवा गणपतीपुळ्याला वळतात! मुंबईहून साडेतीनशेच्या वर किलोमीटर, गोवा हायवेवरच (पूर्वीचा एनएच १७, आताचा ६६) पाली सोडलं की पुढे लांजा लागतं. इथे समुद्र नाही. जांभ्या दगडाचे सडे, काजू-आंब्याच्या बागा आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. माचाळचं पठार इथलंच, विशाळगडाच्या समोर. मुचकुंदी नदी त्याच डोंगरात उगम पावते आणि पूर्णगडला समुद्राला मिळते. मेमध्ये करवंदं, फणस आणि शेवटचा हापूस. अजून काय पाहिजे?

बागवाल्या काकांनी अंगणापलीकडे, फणसाच्या सावलीत गाडी लावायला जागा दिली. घरातून वायर ओढली आणि आम्ही ऐसपैस झालो. संध्याकाळी साडेसातला दिवे पिवळे पडले, एसी घुरघुरून बंद पडला आणि फ्रिजने बीप-बीप सुरू केलं. काका पडवीतून म्हणाले, "लाईट हाय, पन दम न्हाय. ही येळच तशी."

दम कुठे गेला?

आता यात 'वेळ' किती आणि आमची वायर किती, हे कसं कळणार? फंडा सोपा आहे. मीटर लावा, लोड बंद करून एकदा आणि चालू करून एकदा वाचा. घरातल्या बोर्डावर आणि गाडीतल्या प्लगवर, दोन्हीकडे. (मीटर एसी व्होल्टवर ठेवायचा, पिनांच्या उघड्या भागाला बोट लागू द्यायचं नाही. सवय नसेल तर हे काम वायरमनला सांगा.)

आमचे आकडे असे. गाडीतलं सगळं बंद : घरात २००, गाडीत २००. गाडीतला एसी, चार्जर चालू : घरात १९४, गाडीत १६८. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची धरतात. म्हणजे काहीही न लावता ३० व्होल्ट आधीच कमी होते, तो काकांच्या 'वेळे'चा भाग. कोकणात घरं विखुरलेली, ट्रान्सफॉर्मर लांब, तारा लांबलचक. संध्याकाळी सगळीकडे दिवे, पंखे आणि पंप एकदम सुरू झाले की लाईनच्या टोकाला असलेल्या घराच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. ते आपल्या हातात नाही.

पण लोड टाकल्यावर घर आणि गाडी यांच्या मध्ये गायब झालेले २६ व्होल्ट? ते वायरमध्येच होते. गाडी भाड्याने देणाऱ्याने सोबत दिलेली वायर ५० मीटर लांब आणि १ स्क्वेअर एमएम जाडीची निघाली. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे प्रत्यक्षात १०० मीटर तांबं. त्याचा रेझिस्टन्स साधारण पावणेदोन ओहम. १० अँपियर ओढले की १७-१८ व्होल्ट तिथेच खलास! उरलेले प्लगमध्ये. पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं आणि हाताला चटका बसत होता. सैल जोड म्हणजे कमी व्होल्टेज तर आहेच, पण आगीचं आमंत्रणही आहे. वर ती वायर गुंडाळलेल्या रिळावरच होती. अशी वायर आतल्या आत तापते, ती पूर्ण उलगडलीच पाहिजे. आम्ही एसी बंद केला, प्लग काढला. इन्सुलिन डब्यात घालून काकींच्या फ्रिजमध्ये गेलं. त्या फ्रिजला स्टॅबिलायझर होता. बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवा, एवढंच मावशींनी बजावलं. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

बारा व्होल्टची दुसरी गोष्ट

तुम्ही म्हणाल, गाडीचा फ्रिज बॅटरीवर चालतो ना, मग तो का रडला? बरोबर प्रश्न. १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी फुल असेल आणि शांत पडून असेल तर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.१-१२.२ म्हणजे निम्मी. ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. आमच्या बॅटरीवर फ्रिज चालू असताना ११.९ होते, फ्रिजजवळ मात्र ११.२! इथेही तीच ट्रिक. बॅटरीचा खांब आणि त्यावरचा क्लॅम्प, या दोघांच्या मध्ये मीटर धरला. तिथे शून्याच्या आसपास यायला हवं होतं, आला अर्धा व्होल्ट. टोपी काढली तर खाली पांढरी पूड. कोकणच्या दमट हवेत हे व्हायचंच. २३० मधून अर्धा व्होल्ट गेला तर कळतही नाही. १२ मधून गेला की फ्रिज स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो.

सकाळी क्लॅम्प सोडवले, आधी निगेटिव्ह. गरम पाण्यात खायचा सोडा घालून पूड धुतली, पॉलिश पेपर फिरवला, घट्ट आवळलं आणि वर व्हॅसलीन. मग लांज्याच्या बाजारातून अडीच स्क्वेअर एमएमची २५ मीटर थ्री-कोअर केबल आणि १६ अँपियरचा नवा प्लग आणला. फणसाची सावली सोडून गाडी घराजवळ घेतली. तेवढ्याने टपावरच्या सोलर पॅनेललाही ऊन मिळालं. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी त्याचा जोर बराच पडतो, हे गाडी झाडाखाली लावताना कोण लक्षात ठेवतो?

दुसऱ्या संध्याकाळी तेच लोड : घरात १९४, गाडीत १९०. काकांच्या लाईटचा दम तेवढाच होता, पण आमची गळती थांबली होती. सात ते दहा एसी बंद. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि तापतो. रात्री साडेअकराला घरात २२१ होते, तेव्हा चार्जर लावला. पहाटे फ्रिजमध्ये ५ अंश. इन्सुलिन परत गाडीत आलं आणि आम्ही माचाळच्या रस्त्याला लागलो.

मावशी वाटेत म्हणाल्या, "मुंबईत पंखा हळू झाला की आपण कम्प्लेंट करतो. ही माणसं कुठली वेळ कशाची, हे ठरवून जगतात." काकी मिक्सर दुपारीच लावतात, पंप सकाळी. आम्हाला मीटरने जे दाखवलं ते त्यांना दिव्याच्या रंगावरून कळतं.

जाणार असाल तर...

कसं जाल : मुंबई-गोवा हायवेने थेट. आडवली आणि विलवडे ही कोकण रेल्वेची स्टेशनं तालुक्यात आहेत, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत.

काय पाहाल : माचाळ, मुचकुंदी ऋषींची गुहा, पावसाळ्यात खोरनिनको धरणाचं फेसाळतं पाणी.

काय खाल : घावणे, फणसाची भाजी, सोलकढी.

गाडीत काय ठेवाल : मल्टिमीटर, जाड केबल, सुटे फ्यूज, पॉलिश पेपर, खायचा सोडा.

धोक्याची खूण : दुसरं काही चालू केल्यावर दिवा मंद होण्याऐवजी प्रखर झाला तर न्यूट्रल सैल असू शकतो. गाडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नीट नाही. जांभ्याच्या कोरड्या कातळात अर्थिंग मुश्किलीनेच लागतं. दोन्ही वेळा मीटर वाचत बसू नका. आधी घरातला स्विच बंद करा, मग प्लग काढा आणि वायरमनला बोलवा.