अष्टागरातील कागदी ठसे : लेखांक दुसरा

चौथा दिवस. मुक्काम अक्षी.

शके ९३४ चा मानला जाणारा आणि मराठीच्या आद्य कोरीव लेखांत गणला जाणारा येथील शिलालेख पाहिला, तेव्हा त्याचा ठसा घेऊन आपल्या चिकटवहीचे पान भूषवावे, असा मोह क्षणभर झाला. परंतु शतकानुशतके खाऱ्या वाऱ्याने झिजत आलेल्या अक्षरांवर माझ्या मेणखडूचा भार कशाला, आणि तोही परवानगीवाचून, असे म्हणून वही झोळीतच ठेवली. पलीकडच्या वाडीच्या जांभ्याच्या गडग्याबद्दल मात्र मालकाची हरकत नव्हती. पातळ कागद चिऱ्यावर घट्ट धरून तांबडा खडू आडवा फिरवताच दगडाच्या छिद्रांची जाळी उमटली. तीच या मजकुराची चौकट.

पाचवा दिवस. मुक्काम रेवदंडा.

सकाळपासून सरींवर सरी. १९२५ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरील पोर्निक गावी, अशाच पावसात, माक्स एर्न्स्ट या चित्रकाराला खानावळीच्या फळ्यांवर कागद ठेवून शिसे घासण्याची बुद्धी झाली आणि पुढे त्या रेषांतून त्याची अरण्ये निर्माण झाली. मला ओसरीवर बसून विड्याच्या पानापुरतेच शहाणपण आले. पान पालथे ठेवावे, म्हणजे शिरा वर येतात. खडू एकाच दिशेने न्यावा. आणि वरून जलरंगाचा पातळ हात दिला, तर मेणाच्या रेषा पाणी झिडकारून जशाच्या तशा उजळ राहतात.

सहावा दिवस. मुक्काम चौल.

पानाच्या कोपऱ्यात शोभेल म्हणून यजमानांच्या घरातील जात्याच्या खालच्या तळीचा ठसा काळ्या खडूने घेतला. टाकीचे घाव चांदण्यांसारखे पांढरे उमटले, परंतु एका अंगाला काळाभोर सपाट डाग राहिला, तो माझ्याच हाताचा दोष समजून मी कागद फाडणार, तोच घरच्या आजींनी तो काढून घेतला आणि डागाच्या कडेवरून नख फिरवीत म्हणाल्या, "फाडू नका हो. इथं टाकी बसलीच नाहीये. तरीच म्हटलं, पीठ भरड का येतंय!"

टाकीवाला येईल तेव्हा त्याच्यापुढे पुरावा म्हणून रुजू करण्यासाठी आजींनी तो कागद देवळीत ठेवून घेतला. माझ्या पानाचा कोपरा कोरा आहे.

(क्रमशः)