गुणांची कुस्ती, पाठीची कुस्ती

कल्याणहून निघालेली लोकल नेरळ, भिवपुरी करत कर्जतला येते. पुढचा फाटा खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला. या पट्ट्यातल्या कुस्तीशौकिनाला कल्याणची वैष्णवी पाटील घरचीच वाटावी!

मार्च २०२३ मध्ये सांगलीत, पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत ती उतरली. समोर सांगलीची प्रतीक्षा बागडी. पुरुषांना हा मान १९६१ पासून. मुलींना ६२ वर्षं थांबावं लागलं. उशीरच, आणि तोही लाजिरवाणा.

मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. एखादी पट काढून दोन-दोन गुण वेचते, आघाडी जपते. दुसरी घाई करत नाही. समोरचीचा तोल ढळला की तिची पाठ टेकवते. दहा गुणांची आघाडी लढत संपवते, तशी एक चीतपटही, म्हणून मागे पडलेलीलाही शेवटपर्यंत आशा. यातली कुठली भली? कडेला बसून सांगणं सोपं. जत्रेतल्या मातीत गुणफलकच नसतो, पाठ लागली की निकाल.

प्रतीक्षाने वैष्णवीला चीतपट केलं, गदा सांगलीतच राहिली. मॅटवरचा निकाल मातीच्या हिशेबानेच लागला म्हणायचा.

वैष्णवी मात्र थांबली नाही. २०२५ च्या जागतिक स्पर्धेसाठी ६५ किलो गटात तिची भारतीय संघात निवड झाली.