डबे देणे बाकी

घर बदलायचं असलं की लोक पंचांग पाहतात. मी परिपत्रक पाहिलं. २०२० साली सगळं जग घरात कोंडून बसलेलं असताना आपल्या राज्य सरकारनं घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कात सूट जाहीर केली. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर तीन टक्के आणि पुढे मार्चअखेरपर्यंत दोन टक्के. दुसऱ्यांचं व्याज काढण्यात ज्याची वीस वर्षं गेली, त्या कारकुनाला बेचाळीस लाखांवर स्वतःचे एक लाख सव्वीस हजार वाचताना दिसले, की त्याला राहू-केतू काय करणार?

अर्थात सूट हे निमित्त. खरं कारण गॅलरीच्या टोकाला होतं. गिरगावातल्या आमच्या चाळीत मजल्यावर अकरा बिऱ्हाडं आणि संडास तीन. चाळीच्या जीवनावर गहिवरून लिहिणारे लेखक बहुधा फ्लॅटमध्ये राहून लिहितात. २०२० च्या एप्रिलमध्ये तळमजल्यावर एक पेशंट निघाला, महापालिकेच्या माणसांनी दारात बांबू आडवे बांधले आणि त्या तीन दारांच्या कड्या एकाएकी जगातल्या सर्वांत भयंकर वस्तू झाल्या. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, त्यात मधुमेह. शिवाय बँका चालू, म्हणजे मी रोज बाहेर. संध्याकाळी मी जिना चढू लागलो की ज्या दारांनी चाळीस वर्षांत कधी कडी पाहिली नव्हती, ती एकामागून एक लागायची. त्यांचं चुकत होतं असं नाही. मीसुद्धा लावलं असतं. पण आई ते आवाज मोजत बसायची. एके दिवशी म्हणाली, "आज नऊ लागली रे."

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर एक बेडरूमचा फ्लॅट ठरला. संडास स्वतःचा. घर विकणाऱ्या गृहस्थांशी तीन महिने मास्कमधूनच घासाघीस चालली होती. नोंदणी कार्यालयात फोटोसाठी त्यांनी मास्क काढला तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. आधी पाहिला असता तर आणखी पंचवीस हजार कमी करून मागितले असते. माणूस कनवाळू दिसत होता. माझा अंगठा मात्र यंत्र काही केल्या घेईना. वीस वर्षं नोटा मोजून आणि नऊ महिने सॅनिटायझर चोळून त्याच्यावर रेघ म्हणून उरली नव्हती.

३१ जानेवारी २०२१, रविवारी आमचा टेंपो निघाला. जुलैपासून राष्ट्रीयीकृत बँकांच्या नोकरांना लोकलमध्ये परवानगी होती आणि सात महिने मी चर्नी रोड ते दादर चक्क पाय पसरून प्रवास केला होता. मी डोंबिवलीकर झालो आणि दुसऱ्याच दिवशी, १ फेब्रुवारीला, ठरावीक वेळांत का होईना, लोकल सर्वांना खुली झाली. यालाच योग म्हणतात.

नव्या सोसायटीच्या फाटकात वॉचमननं पिस्तूल रोखून आमचं तापमान घेतलं. माझं त्र्याण्णव भरलं. वैद्यकशास्त्राप्रमाणे मी दगावण्याच्या बेतात होतो. वॉचमनच्या मते "एकदम ओके". लिफ्टमध्ये 'सहा माणसे अथवा ४०८ किलो' अशी पाटी आणि तिच्यावर 'एका वेळी दोनच व्यक्ती' असा सोसायटीचा कागद. आईचा पाटा-वरवंटा व्यक्तींत धरायचा की किलोत, यावर हमाल आणि सेक्रेटरी यांचा वाद झाला. शेवटी पाटा एकटाच वर गेला. वास्तुशांत गुरुजींनी मोबाइलवरून सांगितली. "आता उजव्या हातानं पळीभर..." एवढं म्हणून ते पडद्यावर गोठले. आम्ही चौघं पळी उचलून चार मिनिटं तसेच उभे होतो.

मग सुरू झालं ते नव्या घरात राहणं. कॉमर्सच्या पहिल्याच वर्षी शिकवतात, जे येतं ते नावे, जे जातं ते जमा. आलं काय, तर टाइल्स, कमोड, बेसिन आणि वीस वर्षांचं कर्ज. गेलं काय, ते मी लिहून काढलं नाही, पण आईकडे पाहिलं की कळायचं.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला तिनं सवयीप्रमाणे दार सताड उघडलं आणि खुर्ची टाकून बसली. साडेनऊला सोसायटीच्या ग्रुपवर अत्यंत सभ्य निरोप आला : '३०४ चे दार उघडे राहिले आहे. कृपया काळजी घ्यावी.' आईनं दार लावून घेतलं, ते लागलंच. शेजारी होते, पण ते म्हणजे लिफ्टच्या दारातून परत फिरणाऱ्या भुवया. आम्ही त्यांना चपलांवरून ओळखू लागलो. आई भिंतीला कान लावून पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायची. "आज सहा झाल्या. राजमा असेल. पंजाबी आहेत का रे?" पंजाबी नव्हते, सांगलीचे होते, पण ते कळायला मे महिना उजाडला. गिरगावात सकाळच्या दुधापासून बोलणारी बाई दिवसभरात पंधरा वाक्यांवर आली. त्यातली आठ देवाशी.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि आमच्या दारावर थांबली. आधी मी, मग ही, मग मुलगी. तिघं बेडरूममध्ये, आई एकटी बाहेर. तिला मार्चमध्ये लशीचा एक डोस मिळाला होता, तेवढाच आधार. रात्री ताप चढला की मी दाराखालच्या फटीतून तिची पावलं बघत असे. ती पहाटेपर्यंत हलायची नाहीत.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. आईनं भोकातून पाहिलं तर जिन्याकडे पळणारी एक पाठ, आणि कडीला पिशवी. पिशवीत डबा, आमटी-भात. संध्याकाळी दुसरी पाठ, दुसरा डबा. सतरा दिवसांत अकरा डबे आले. कोणी नाव सांगितलं नाही, कोणी थांबलं नाही. आम्ही जेवत होतो. आई हैराण होत होती. आमच्याकडे डबा रिकामा परत करायची पद्धत नाही, आणि भरून दिला तर आमच्या घरचं खाणार कोण? "लोकांचं देणं वाढतंय रे," ती दाराबाहेरून सांगायची, जसं काही मी आत कर्जवसुली विभागात बसलो होतो.

मेच्या मध्यावर आम्ही तिघं मोकळे झालो. आईनं त्याच दिवशी पाच किलो कैऱ्या मागवल्या आणि अकरा डबे साखरांब्यानं भरले. आता कोणता कुणाचा? मी म्हटलं, ग्रुपवर फोटो टाकतो, येऊन नेतील. आई म्हणाली, "डबा काय हरवलाय? पोचवायचा असतो."

भांड्यांवर नावं होती, पण भांड्यावरचं नाव देणाऱ्याचं असतं, मालकाचं नव्हे. एकावर 'बेबीमावशीकडून सप्रेम', एकावर नुसतंच 'मुंजीनिमित्त'. आई दोन मास्क चढवून एकेक डबा घेऊन दारोदार निघाली. "बेबीमावशी तुमची का हो?" प्रत्येक मजल्यावर अर्धा तास. बेबीमावशीची भाची पाचव्या मजल्यावर सापडली, पण डबा आणून ठेवला होता दुसऱ्या मजल्यावरच्यांनी. त्यांच्याकडे तो २०१८ च्या गणपतीपासून पडून होता. असे दोन जुने हिशेब आमच्या आजारपणात मिटले. चौथ्या दिवशी आमचं दार पुन्हा उघडं राहू लागलं. ग्रुपवर निरोप आला नाही. सेक्रेटरीचा डबाही त्या अकरांत होता.

एक डबा उरला. त्यावर 'ग. वि.' कोरलंय. मालक मिळेना. बँकेत अशा रकमा आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो आणि विसरतो. आई विसरत नाही. अजूनही काही केलं की थोडं त्यात घालते आणि "हा तुमचा का?" म्हणत निघते, ज्यांनी तीनदा नाही म्हटलंय त्यांच्याकडेसुद्धा. परवा चौथ्या मजल्यावरच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "हो आजी, आमचाच वाटतो." आईनं वड्या त्यांच्या ताटलीत काढल्या आणि डबा घाईघाईनं पदराखाली घेतला.

"छे हो," म्हणाली, "तुमच्यात ग. वि. कोण आहे?"