फुकटाचे ऋण

कोणाचे ऋण मागे ठेवू नये, असे आमचे वडील सांगत असत. वाण्याचे दोन आणे द्यायचे राहिले, तर त्यांना रात्री झोप लागत नसे. सकाळी मिस्साला जाताना ते आधी त्या दुकानाची पायरी चढत आणि मग चर्चची. त्यांची शेतीवाडी आम्हांला सांभाळता आली नाही, परंतु ही सवय आम्ही बऱ्यापैकी सांभाळली. तरीही २०११ सालचे एक ऋण आमच्या माथ्यावर तसेच आहे. ज्याचे देणे आहे त्याला आम्ही पाहिलेले नाही, आणि आम्ही त्याचे देणे लागतो हे त्याला ठाऊकही नाही.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. २००९ साली आम्ही आमच्या धर्मग्रामात दृढीकरण संस्काराच्या मुलामुलींचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेत होतो. सातव्या आज्ञेचा पाठ चालला होता. शेजाऱ्याच्या वाडीतील केळीचा लोंगर तोडणे, मजुराची मजुरी बुडवणे, अशी ठरलेली उदाहरणे देऊन आम्ही फळा पुसणार तोच मागच्या बाकावरील एक मुलगा उठला. "सर, बाजारातून पन्नास रुपयांची विंडोजची नकली सीडी आणली, तर ती चोरी होते का?" वर्ग हसला. आम्ही "होते" असे उत्तर दिले आणि मान खाली घालून घरी आलो, कारण आमच्या घरचा संगणक नेमक्या तशाच सीडीवर चालत होता.

आमचा भाचा तेव्हा अभियांत्रिकीला होता. त्याने आमच्यापुढे एक सीडी ठेवली. तिच्यावर 'उबुंटू' असे नाव होते आणि ती त्याला परदेशातून टपालाने आली होती, एक पैसाही न देता. "मामा, ही कितीही जणांना द्या, कोणी चोर म्हणणार नाही," तो म्हणाला. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण छंद म्हणून एक संगणक-प्रणाली रचत असल्याचे जाहीर केले. पुढल्याच वर्षी त्याने ती अशा परवान्याखाली आणली की, कोणीही ती वापरावी, तपासावी, सुधारावी आणि दुसऱ्याला द्यावी. लिनक्स ती हीच. २००४ साली तिच्यावर उभारलेल्या एका रूपाला दक्षिण आफ्रिकेतील भाषांमधून 'उबुंटू', म्हणजे माणुसकी, असे नाव मिळाले. हे ऐकून आम्ही नकली विंडोज पुसून टाकले. पत्रे टाइप करणे, धर्मग्रामाच्या पत्रकाचा मजकूर जुळवणे ही आमची कामे लिनक्सवर सुखाने होऊ लागली. घरात इंटरनेट नव्हते आणि त्याची उणीवही भासत नव्हती.

ती भासली २०११च्या जुलैमध्ये. आमची थोरली बहीण संन्यस्त सिस्टर असून तेव्हा टांझानियात सेवा करीत होती. १५ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणी, तिच्या व्रतांना पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. आई ८३ वर्षांची. मांडीचे हाड मोडल्यापासून खाटेला खिळलेली. लेकीला तिने २००६ नंतर पाहिले नव्हते. एके दिवशी जपमाळ संपल्यावर ती म्हणाली, "हल्ली लोक त्या पेटीत माणसे बघतात म्हणे. माझी बाय दिसेल काय रे?"

आमच्या गावची टेलिफोनची तार पावसात कुजून कधीच मुकी झाली होती. मोबाइलच्या मनोऱ्यावरून चालणारा यूएसबी मोडेम, ज्याला सगळे डोंगल म्हणतात, तेवढाच मार्ग उरला होता. आम्ही तो विकत आणला. वेष्टनावर विंडोज आणि मॅक अशी दोन नावे होती. तिसरे नाव नव्हते. तिकडे आम्ही काणाडोळा केला.

डोंगल संगणकाला लावले तेव्हा पडद्यावर सीडीचे चित्र उमटले. मोडेमचा कोठे मागमूस नाही. आम्ही ते काढून पुन्हा लावले. पुन्हा सीडीच. कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन केला, तर एका नम्र मुलीने सांगितले, "सर, लिनक्स आमच्या यादीत नाही." शेजारचा तरुण मदतीला धावून आला आणि त्याने खिशातून ती परिचित पन्नास रुपयांची सीडी काढली. "काका, अर्ध्या तासाचे काम आहे. आजीला दाखवा आणि मग पुसून टाका."

आम्ही नाही म्हणालो. त्यावर आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आईंच्या डोळ्यांपेक्षा तुमचे तत्त्व मोठे आहे का?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पंधरा तारखेला आठ दिवस उरले होते. येथे लिहिताना संकोच वाटतो, पण लपवण्यात अर्थ नाही: ती सीडी आम्ही घेतली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. तेरा तारखेपर्यंत वाट पाहू, असे मनाशी ठरवले.

भाच्याने शहरातील सायबर कॅफेत बसून शोध घेतला आणि रोगाचे निदान घेऊन आला. हे डोंगल दुहेरी वेशात वावरणारे यंत्र होते. ग्राहकाला वेगळी सीडी द्यावी लागू नये, म्हणून विंडोजचा चालक-प्रोग्रॅम त्याच्याच पोटात साठवलेला असतो. लावल्याबरोबर ते 'मी सीडी आहे' असे सांगते. विंडोज त्यातील प्रोग्रॅम चालवते, तो प्रोग्रॅम यंत्राला एक गुप्त निरोप देतो, आणि मग यंत्र क्षणभर संगणकाशी संबंध तोडून मोडेम म्हणून पुन्हा प्रकट होते. लिनक्सवर तो प्रोग्रॅम चालत नाही. मग निरोप कोण देणार? यंत्र बिचारे सीडीच्या वेशात बसून राहते.

हा निरोप देणारा 'यूएसबी मोडस्विच' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम योझुआ डीत्से यांनी लिहिला आहे. प्रत्येक यूएसबी यंत्र आपला कुलक्रमांक आणि स्वतःचा क्रमांक सांगते; हुवावेचा कुलक्रमांक १२डी१, झेडटीईचा १९डी२. प्रोग्रॅम तो क्रमांक वाचतो, आपल्या यादीत त्या यंत्राचा निरोप शोधतो आणि पाठवतो. पुष्कळ यंत्रांसाठी हा निरोप अवघ्या ३१ बाइटांचा असतो. आपल्या लिपीत जेमतेम दहा अक्षरे मावतील एवढा. परंतु तो कोणता, हे कोणीतरी शोधून काढावे लागते. विंडोजवर यंत्र लावायचे, तारेतून काय बोलणे होते त्यावर पहारा ठेवायचा, आणि हाती आलेले आकडे इतरांसाठी लिहून पाठवायचे. अशा शेकडो यंत्रांची यादी ठिकठिकाणच्या लोकांच्या मदतीने जमली आहे.

अडचण अशी की, हा प्रोग्रॅम आमच्या जुन्या आवृत्तीत नव्हता. तो इंटरनेटवरून उतरवायचा, आणि इंटरनेटसाठी तर तोच हवा! विहिरीला दोर हवा आणि दोर विहिरीच्या तळाशी, अशातली गत. भाचा पेनड्राइव्ह घेऊन एसटीने गेला आणि प्रोग्रॅम घेऊन आला. बसवू लागताच संगणकाने सांगितले की, सोबत यंत्रांची यादी हवी. दुसऱ्या दिवशी यादी आली. मग कळले की, टीसीएल नावाची आणखी एक वस्तू हवी. तिसऱ्या खेपेला तो ओलाचिंब होऊन परतला. आमच्या सौभाग्यवतींनी त्याला आधी टॉवेल दिला आणि मग चहा. पहिल्यांदाच त्या आमच्या बाजूने काही बोलल्या: "पोराची मेहनत फुकट जाऊ नये."

त्या रात्री डोंगल लावले. सीडीचे चित्र उमटले, नाहीसे झाले, आणि यंत्रांच्या यादीत टीटीवाययूएसबी ०, १ आणि २ अशी तीन नवी दारे दिसली. मोडेम जागा झाला होता. मात्र आमच्या आवृत्तीतील नेटवर्क मॅनेजर त्याला ओळख देईना, म्हणून भाच्याने 'डब्ल्यूव्हीडायल' हा जुना प्रोग्रॅम काढला. त्याच्या कागदावर कंपनीच्या प्रवेशद्वाराचे नाव आणि *९९# हा क्रमांक लिहायचा असतो. त्यातच एक ओळ अशी आहे की, पलीकडून येणाऱ्या प्रश्नांचा अर्थ लावत बसू नकोस, थेट बोलणे सुरू कर. या ओळीचे इंग्रजी नाव 'स्टुपिड मोड', म्हणजे मूर्खपणाची रीत! भाच्याने ती चालू केली आणि म्हणाला, "मामा, तुम्हांला काही समजले नाही तरी चालते, असे यातसुद्धा लिहिले आहे."

तरीही जोडणी होईना. मोडेमला 'एटी'ने सुरू होणाऱ्या आज्ञा देता येतात. एटी म्हणजे लक्ष दे. १९८१ सालच्या हेज कंपनीच्या मोडेमपासून ही बोली चालत आली आहे. तिच्यात सिग्नल किती, असे विचारले. उत्तर आले ९९. आम्ही हर्षभराने हाक मारून आईला सांगितले की, शंभरात नव्याण्णव गुण मिळाले. भाचा कपाळाला हात लावून म्हणाला, "मामा, गुण शून्य ते ३१ असतात. ९९ म्हणजे काहीच कळत नाही." वर्गात मुलांना आम्ही बारा वर्षे गुण देत आलो, स्वतःचे गुण वाचताना असे फसलो.

दोष साधा होता. संगणकाच्या पुढच्या बाजूच्या खाचेतून डोंगलला पुरेशी वीज मिळत नव्हती. या यंत्राला ५०० मिलिअँपिअरपर्यंत भूक असते. मागच्या खाचेत लावताच गुण ६ झाले. मग यूएसबीची लांब तार आणून डोंगल खिडकीच्या गजाला बांधले आणि पाऊस लागू नये म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली. गुण १७. तेरा तारखेच्या रात्री साडेदहाला पडद्यावर 'कनेक्ट' हा शब्द उमटला. आम्ही टेबलाचा खण उघडला, ती सीडी काढली आणि मोडून टाकली. सकाळी शेजारच्या तरुणाला पन्नास रुपये देऊ केले. ते त्याने घेतले नाहीत, तेव्हा आम्ही ते देवळातील गरिबांच्या पेटीत टाकले.

पंधरा तारखेला संध्याकाळी सात वाजता, म्हणजे टांझानियात साडेचार, आईची खाट टेबलाजवळ ओढली. तेव्हा अशा गाठीभेटी स्काइपवर होत. पडद्यावर आधी काळोख, मग चौकटी-चौकटींचा एक चेहरा. तो स्थिर झाला आणि पांढऱ्या वस्त्रातील आमची बहीण दिसली. आई बराच वेळ नुसती पाहत राहिली. पंचवीस वर्षांच्या व्रतांविषयी ती काही बोलली नाही. "केस पिकले गं बाय तुझे. जेवलीस काय?" एवढेच तिने विचारले. बहीण रडली, आई नाही. तिने पडद्यावर बोटांनी क्रुसाची खूण केली. अकरा मिनिटांनी जोडणी तुटली आणि त्या रात्री पुन्हा जुळली नाही. आई म्हणाली, "पुरे झाले. माळ काढा."

२०१३ साली आई प्रभूघरी गेली. बहिणीला अंत्यविधीला पोहोचता आले नाही. "त्या दिवशी मला आईचा आशीर्वाद मिळाला होता," असे तिने पत्रात लिहिले.

त्या अकरा मिनिटांचे मोल कोणाला द्यायचे? डोंगलचे पैसे दुकानदाराला मिळाले, सिग्नलचे कंपनीला. ३१ बाइटांचा तो निरोप ज्यांनी शोधला, लिहिला आणि वाटेवर ठेवून दिला, त्यांनी आमच्याकडे काही मागितले नाही. बिलच नाही, तर फेडायचे कसे? वडिलांच्या हिशेबवहीत अशा ऋणासाठी रकाना नव्हता. पुष्कळ विचार करून आम्ही सगळ्या पायऱ्या दोन पानांवर मराठीत उतरवल्या, त्यांच्या तीस प्रती काढल्या आणि एका रविवारी मिस्सानंतर वाटल्या. आमच्या गावात कोणाचा मुलगा बोटीवर, कोणाची लेक आखातात. पुढची तीन-चार वर्षे कोणी रात्री दार ठोठावी: "सर, सीडीच दिसते." आम्ही लांब तार आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन निघत असू.

आता ते सारे जुने झाले. आजच्या लिनक्समध्ये बहुतेक डोंगले आपोआप ओळखली जातात, आणि फोन तारेने जोडला तरी काम भागते. काही कंपन्यांनी ३जी सेवा बंद केली. स्काइपही मे २०२५ मध्ये बंद झाले. आमचे डोंगल टेबलाच्या त्याच खणात पडून आहे.

गेल्या महिन्यात धर्मग्रामातील एक महाविद्यालयीन मुलगी लॅपटॉप घेऊन आली. तिने लिनक्स बसवले होते आणि वायफाय चालत नव्हते. या नव्या दुखण्यातले आम्हांला काही कळत नव्हते. तरी चष्मा लावला, यंत्राचा क्रमांक कागदावर उतरवून घेतला, आणि तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसलो.