पोच

सकाळी संस्थेत दूध घातलं. लिटर, फॅट, दर छापलेली चिठ्ठी हातात आली आणि तिथून पुढं दुधाची जबाबदारी संस्थेवर गेली. ते गोकुळ शिरगावच्या संघात कधी पोचतं, कुठल्या गाडीतून जातं, हे आपण बघायचं नसतं. ईमेल याच रीतीनं चालतं. प्रत्येक सर्व्हर मेल उतरवून घेतो, पोच देतो आणि पुढच्याकडं रवाना करतो. गडमुडशिंगीत ज्याच्या घरी म्हैस आहे त्याला ही रीत, म्हणजे एसएमटीपी, शिकवायला मला पाच मिनिटं पुरतील.

*

दोन सर्व्हरांमधलं हे संभाषण एकदा काळ्या पडद्यावर स्वतः टाइप करून बघितलं. पोर्ट २५. समोरून २२० येतं, म्हणजे 'तयार आहे'. आपण 'हेलो' म्हणून नाव सांगायचं. मग 'मेल फ्रॉम', मग 'आरसीपीटी टू'. दोन्हींना २५० ची पोच. 'डेटा' म्हटलं की ३५४: लिहा आता. मजकूर संपला हे कळवायला एका ओळीवर नुसतं टिंब. आपल्या मजकुरातलीच एखादी ओळ टिंबानं सुरू होत असेल तर? पाठवणारा तिथं आणखी एक टिंब जोडतो, घेणारा ते काढून टाकतो. त्या शेवटच्या टिंबानंतर येणारा २५० सगळ्यात मोलाचा. त्याचा अर्थ: मेल मी ताब्यात घेतला, आता पोचवीन, नाही जमलं तर तसं कळवीन.

*

१९७१. एमआयटीत अभय भूषण यांनी फाइल पाठवण्याच्या नियमांचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा लिहिला, आरएफसी ११४. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे. त्याच वर्षी रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर मेल धाडला आणि पत्त्यात @ आणला. पुढं काही वर्षं मेल एफटीपीतल्याच आज्ञांवर जात होता. जॉन पोस्टेल यांचा एसएमटीपी १९८२ चा. आपल्याकडं १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या जाळ्यात जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी यांच्यात आधी फोनच्या लाइनीवरून मेल जाऊ लागले. या नियमांच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे, हे आपल्या शाळांतून सांगायला हवं.

*

एफटीपीला दोन लाइनी लागतात. पोर्ट २१ वर बोलणं, फाइल वेगळ्या वाटेनं. यावरून एक गोष्ट आठवली. ओतकामाच्या पॅटर्नच्या ड्रॉइंगची झिप ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवली, '२२६, ट्रान्सफर पूर्ण' आलं, मी घरी गेलो. सकाळी फोन: फाइल उघडत नाही. चूक माझी होती, मोड 'टेक्स्ट'वर राहिला होता. विंडोज ओळीच्या शेवटी १३ आणि १० असे दोन बाइट ठेवतं, लिनक्स नुसता १०. टेक्स्ट मोडमध्ये सर्व्हरनं झिपमध्ये जिथं जिथं ही जोडी दिसली तिथला १३ काढून टाकला. त्याच्या लेखी तो मजकूर होता. फाइल मूळच्यापेक्षा काही बाइटनी लहान झाली होती, तेवढ्यावरून उलगडा झाला. मोल्डिंगवाले अर्धी पाळी बसून राहिले. तेव्हापासून बायनरी मोड, आणि दोन्हीकडचा आकार जुळवल्याशिवाय मी जागचा उठत नाही.

*

एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, वाटेत कुणालाही वाचता येतो. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सनं एफटीपी काढून टाकलं. पोर्ट २२ वरचं एसएफटीपी वापरावं.

*

जुना एसएमटीपी सात बिटांचा, इंग्रजी अक्षरांपुरता. म्हणून फाइल काय, मराठी काय, बऱ्याचदा बेस ६४ मध्ये बांधून जातं: तीन बाइटांची चार अक्षरं. 'गडमुडशिंगी' मोजून बघितलं. काना-मात्रा धरून दहा चिन्हं, तीस बाइट, बांधल्यावर चाळीस अक्षरं. १८ एमबीचं ड्रॉइंग मेलमध्ये २४ एमबीचं होतं ते यामुळंच. देवनागरीत मेलचा पत्ता लिहिण्याचे नियम २०१२ ला आले, .भारत २०१४ ला. माझ्या ओळखीत तसा पत्ता अजून कुणाचा नाही. वाईट वाटतं.

*

ऑगस्ट २०१९ चा महापूर. शिरोलीजवळ महामार्ग पाण्यात, ट्रक दिवसेंदिवस उभे. अशा वेळी घेणारा सर्व्हर बंद पडला तरी मेल लगेच बुडत नाही. पाठवणारा तो रांगेत ठेवतो, थांबून थांबून पुन्हा दार वाजवतो. प्रयत्नांत निदान अर्धा तास अंतर ठेवावं आणि चार-पाच दिवस हार मानू नये, असं नियमातच लिहिलेलं आहे. त्यानंतर मेल परत येतो. परतीच्या मेलच्या पाकिटावर पाठवणाऱ्याची जागा मुद्दाम कोरी ठेवतात, नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांना 'पोचला नाही' म्हणून कायमचे कळवत बसले असते.

*

२५० ची पोच कशाची, हे आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक हिशेबनीसाला माहीत पाहिजे. ती सर्व्हरनं घेतल्याची. माणसानं वाचल्याची नव्हे, आणि पाठवणारा खरा असल्याची तर नव्हेच. पाकिटावरचा पत्ता वेगळा आणि आत दिसणारं नाव वेगळं असू शकतं, एसएमटीपी ते ताडून बघत नाही. पाठवणाऱ्या डोमेनची खातरजमा करायला पुढं एसपीएफ, डीकेआयएम आले. पण पार्टीचा मेलबॉक्सच कुणाच्या हाती गेला तर तेही पास होतात. तेव्हा 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा मेल आला तर पैसे सोडण्याआधी फोन करा. नंबर त्या मेलमधला घेऊ नका, आपल्या जुन्या वहीतला घ्या.