गुणिले शंभर

विलायतेला जाऊन आलेल्या माणसाने बिग बेनचे वर्णन करावे, राजवाड्यापुढच्या पहाऱ्याचे करावे आणि टेम्स नदीवर चार काव्यमय ओळी लिहाव्यात, असा प्रघात आहे. ते सारे मीही पाहिले. पण त्याची चित्रे वाचकांनी माझ्यापेक्षा चांगली पाहिली असतील. मी लिहिणार आहे ते आमच्या बाबांच्या हिशेबाविषयी.

दादा नोकरीनिमित्त रीडिंगला असतो. त्याच्या आग्रहावरून गेल्या मे महिन्यात आई, बाबा आणि मी पंधरा दिवस त्याच्याकडे गेलो. बाबांचे शहापुरात कापडाचे दुकान. त्याला पंधरा दिवस कुलूप लागलेले मी जन्मात प्रथमच पाहिले. एका पौंडाला शंभराहून अधिक रुपये पडतात, एवढे ज्ञान घेऊन बाबा विमानातून उतरले आणि गुणाकार सुरू झाला. चहा तीन पौंड, म्हणजे तीनशे रुपये! केळी, बसचे तिकीट, वहिनीने आणलेली कोथिंबीर, काही सुटले नाही. "तीनशे रुपयांत अख्ख्या गल्लीला चहा पाजीन," असे म्हणेपर्यंत हातातला चहा गार होई. ब्रिटिश म्युझियमला प्रवेश मोफत, म्हणून तिथे आम्ही सकाळी दहापासून पाचपर्यंत. 'वसूल झाले,' बाबा म्हणाले. फुकटाचे काय वसूल व्हायचे, ते मला अजून कळलेले नाही.

टॉवर ऑफ लंडनमध्ये कोहिनूर आहे. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला तेव्हा तो इंग्रजांकडे गेला. १८५२ मध्ये नवे पैलू पाडताना सुमारे १८६ कॅरटचा १०५ वर आला. तिकीट माणशी तीस पौंडांच्या वर. "आपलाच हिरा, तोही घासून लहान केलेला, तो बघायला आपणच पंधरा हजार मोजायचे?" बाबांच्या या प्रश्नाला दादाजवळ उत्तर नव्हते. टॉवर आम्ही बाहेरून पाहिला.

आई या सगळ्यात गप्प. तिचे माहेर बैलहोंगलचे, भाषा कन्नड. लग्नानंतर ती मराठी शिकली, ती इतकी की भाजीवालीलाही संशय येत नाही. दादा आणि मी मराठी शाळेत गेलो; ते बाबांनी ठरवले, आईला कोणी विचारले नाही. घरात कन्नड उरले ते माहेरच्या फोनपुरते आणि बाबा दुकानात असताना माझ्याशी बोलण्यापुरते. आमच्या गावात पाटीवरच्या अक्षरांवरून माणसे भांडतात. आमच्या घरात भांडण कधी झालेच नाही, कारण एक बाजू बोलतच नव्हती.

परतायला तीन दिवस उरले तेव्हा आई म्हणाली, "मला इथला बसवण्णा बघायचाय."

"बसवेश्वर बघायला विलायतेत?" बाबा चकित. "अगं, आपल्या गोवावेसच्या चौकात आहे की!"

"तिथे तरी कधी थांबलात?"

दादाने निमूटपणे तिकिटे काढली.

टेम्सच्या दक्षिण काठाला अल्बर्ट एम्बँकमेंट नावाचा रस्ता आहे. तिथल्या छोट्या बागेत बसवेश्वरांचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. बाराव्या शतकात कल्याणच्या बिज्जळ राजाचे भांडार सांभाळणारा हा माणूस. कॉमर्सवाल्यांनी त्याला आपल्यातलाच समजायला हरकत नाही. आईने बूट काढले. वारा बोचरा, फरशी थंडगार. तशीच उभी राहून तिने एक वचन म्हटले, मोठ्याने, बाबांच्या समोर. पळायला निघालेली एक गोरी बाई क्षणभर थांबली आणि पुढे गेली. बाबा आईचे बूट हातात धरून उभे होते. मग त्यांनी मला हळूच विचारले, "काय म्हणाली ती?"

बाबांना कन्नड येते, पण दुकानापुरते: दर, मीटर, उधारी. वचनाचे कन्नड त्यांच्या गिऱ्हाइकांनी कधी बोललेले नाही. मी अर्थ सांगितला. तीस वर्षे संसार केलेल्या माणसाला बायकोचे बोलणे मुलीने समजावून द्यावे, आणि तेही टेम्सच्या काठी!

दुपारी माझी पाळी. १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले. गंमत म्हणजे सकाळचा पुतळा आणि दुपारचे घर, दोन्हींचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते एकाच दिवशी झाले, १४ नोव्हेंबर २०१५ ला. सीमेवरच्या माणसाला असले योगायोग लवकर दिसतात.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेब १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतले होते. १९२० मध्ये पगारातून साठवलेले आणि उसने घेतलेले पैसे घेऊन ते पुन्हा आले, आणि त्यांनी प्रबंध लिहिला तो रुपयावरच. १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने तो छापून निघाला. परदेशी चलनाशी रुपयाचा भाव पक्का केला म्हणजे रुपया स्थिर झाला असे नाही. त्याने देशात किती माल येतो ते पाहावे लागते, असे त्यातले एक प्रमुख म्हणणे. मी ते बाबांना सांगितले आणि वर माझे शेपूट जोडले, "म्हणजे दादाचा चहा दादाच्या पगारात मोजायचा, आपल्या गल्ल्यात नाही."

कापडवाल्याला हे पटायला वेळ लागत नाही. "म्हणजे आमचा बारा दिवसांचा हिशेब चुकला?"

"चुकला नाही बाबा, फुकट गेला."

संध्याकाळी पॅडिंग्टन स्टेशनवर बाबांनी पाच चहा स्वतः घेतले आणि गरम असतानाच प्यायले. गाडीत ते आईशेजारी बसले. सकाळचे ते पुन्हा म्हण, म्हणाले. आई एकेक शब्द सांगत होती, बाबा दुकानाच्या उच्चारात तो परत म्हणत होते आणि आई दुरुस्त करत होती. रीडिंगला पोहोचायला गाडीला अर्धा तासही लागत नाही. तेवढ्यात त्यांची दीड ओळ झाली.